वाळवंटातील खराटा : श्रीसंत गाडगेबाबा आणि व्यसनमुक्तीची वाट

आषाढ शुद्ध एकादशीच्या या पुण्यपर्वावर पंढरीत वैष्णवांचा महामेळा जमला आहे. चंद्रभागेचे स्नान घडले, दुरून का होईना कळसाचे दर्शन झाले, की वारकऱ्याच्या पावलांचे श्रम सार्थकी लागतात. या मेळ्यात एके काळी असा एक पुरुष येत असे, की जो राऊळात दर्शनाला जात नसे. अंगावर चिंध्यांचा झगा, डोक्यावर फुटक्या गाडग्याचे खापर, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात बांगडीचा तुकडा आणि हातात खराटा, असा त्याचा वेष असे. दिवसा तो वाळवंट झाडी आणि रात्री त्याच वाळवंटात कीर्तनाला उभा राही. ते श्रीसंत गाडगेबाबा होत.

बाबांची स्वच्छता आज शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. त्यांच्या नावाने राज्यात ग्रामस्वच्छतेचे अभियान निघाले, अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. परंतु ज्या दुःखातून हा महात्मा घडला ते दुःख दारूचे होते, याचे स्मरण आपण क्वचितच करतो. त्यांनी गावोगावच्या लोकांना दारूपासून परावृत्त केले. एवढेच नव्हे, तर सुटलेले व्यसन सुटलेलेच राहावे म्हणून काय करावे लागते, याचा वस्तुपाठच त्यांच्या चरित्रात आहे, असे आम्हांस वाटते. आजच्या सणाच्या दिवशी त्यांच्या चरित्राचे तेवढेच अंग आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

झिंगराजींचे घर

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. वडील झिंगराजी, आई सखुबाई. मुलाचे नाव डेबूजी ठेवले गेले. घर खाऊनपिऊन सुखी होते. पण त्या काळी अनेक समाजांत कुळाचाराच्या नावाने बकरे कापावे आणि त्यासोबत दारू प्यावी, अशी रूढी होती. जे देवाच्या नावाने चालते त्यात दोष पाहण्याचे धैर्य कोणाला होणार? झिंगराजींच्या ओठाला दारू लागली ती अशा रूढीतून आणि सोबत्यांच्या संगतीतून, असे चरित्रकार सांगतात. आरंभी सणावारी होणारे पिणे पुढे नित्याचे झाले. होते नव्हते ते गेले, शरीर खंगले. १८८४ च्या सुमारास, डेबूजी अवघा आठ वर्षांचा असताना, झिंगराजींनी देह ठेवला. अखेरच्या दिवसांत त्यांना पश्चात्ताप झाला आणि मुलाला या वाटेपासून दूर ठेव असे त्यांनी सखुबाईंना विनविले, असेही चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे.

पश्चात्ताप झाला असूनही हा मनुष्य परत का फिरू शकला नाही? आमच्या घरोघर याचे उत्तर एकच दिले जाते : मनाचा दुबळा होता. आजचे वैद्यकशास्त्र मात्र अधिक खोल जाऊन सांगते. दारू, अफू, गांजा, तंबाखू यांच्या वारंवार सेवनाने मेंदूतील सुखाची जाणीव, स्मरण आणि संयम यांची घडीच बदलते. तोच परिणाम साधण्यासाठी मात्रा वाढवावी लागते. ती न मिळाल्यास हात थरथरतात, झोप उडते, जीव कासावीस होतो. सोडावे असे मनापासून वाटते, घरादाराचे नुकसान डोळ्यांना दिसते, तरीही हात पेल्याकडे जातो. या अवस्थेला वैद्यक आजार मानते. आनुवंशिकता, कोवळ्या वयातील आरंभ, संगत, मनावरचे आघात अशी अनेक कारणे त्यामागे असतात. आजार म्हटले म्हणून रोग्याची जबाबदारी संपत नाही. मधुमेह्याला पथ्य पाळावेच लागते. पण मधुमेह्याला कोणी दुराचारी म्हणून उंबऱ्याबाहेर काढीत नाही, हेही तितकेच खरे.

बारशाचे लाडू

पतीच्या निधनानंतर सखुबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या माहेरगावी आल्या. तेथे डेबूजीने गुरे राखली, नांगर धरला आणि रात्री भजनात रमून तो लहानाचा मोठा झाला. १८९२ साली कुंताबाईंशी त्याचा विवाह झाला. पुढे घरात कन्या जन्मली आणि बारशाचा दिवस उजाडला.

अशा प्रसंगी जातभाईंना मटण आणि दारू यांचे जेवण द्यावयाचे, हा रिवाज ठरलेला होता. रिवाज मोडणे म्हणजे भाऊबंदांचा रोष ओढवून घेणे. डेबूजींनी तो ओढवून घेतला. ना बकरे कापले, ना दारू आणली. पाहुण्यांच्या पानात बुंदीचे लाडू पडले. मंडळी रुष्ट झाली, पण यजमान ढळला नाही.

चरित्रातील हा प्रसंग कीर्तनांतून वारंवार सांगितला जातो, परंतु त्यातले मर्म बहुधा हातातून निसटते. डेबूजींनी नुसता नकार दिला नाही. दारूची जागा त्यांनी रिकामी ठेवली नाही, तेथे लाडू वाढले. सण झाला, पंगत उठली, लेकीचे कौतुक झाले, फक्त विष तेवढे पानातून गेले. व्यसन सोडलेल्या मनुष्याच्या बाबतीत हीच गोष्ट निर्णायक ठरते. संध्याकाळचे जे दोन तास गुत्त्यात जात होते ते तास दारू सोडल्यावर नाहीसे होत नाहीत. ते रोज येतात. त्यांत भजन, व्यायाम, मुलांचा अभ्यास, मळ्यातले काम असे काही भरले नाही, तर जुनीच वस्तू तेथे परत येऊन बसते.

दुसरी गोष्ट अशी की, संकट प्रसंगात दडलेले असते हे डेबूजींनी ओळखले होते. आजचे मानसशास्त्र याला दुजोरा देते. वर्षभर पेल्याला न शिवलेला मनुष्य एखाद्या लग्नात, जत्रेत, पगाराच्या दिवशी, जुन्या सोबत्याच्या भेटीत किंवा केवळ परिचित वास नाकात शिरल्याने घसरू शकतो. कारण मेंदूने ती खूण सुखाशी जोडून जपलेली असते. श्रीमद्भगवद्गीतेने विषयाचा त्याग आणि विषयाची गोडी या दोन गोष्टी निरनिराळ्या मानल्या आहेत, ते याच अनुभवाला धरून आहे. त्याग एका दिवसात करता येतो, पण गोडी ओसरायला काळ लागतो. त्या काळात घराने प्रसंग सांभाळावे लागतात. कोणत्या लग्नाला जावे, कोणाबरोबर जावे, आग्रह झाला तर काय सांगून उठावे, हे आधीच ठरविलेले बरे. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांत घसरण्याचा धोका अधिक असतो, असे या क्षेत्रातील जाणते सांगतात. वेळेवर जेवण, पुरेशी झोप आणि दोन शब्द बोलायला माणूस, ही साधी वाटणारी पथ्ये आहेत, पण औषधाच्या तोलाची आहेत.

खराटा आणि केर

१ फेब्रुवारी १९०५ च्या पहाटे डेबूजींनी घर सोडले. वय अठ्ठावीस. पुढची पन्नासहून अधिक वर्षे ते पायी हिंडत राहिले. कोणत्याही गावात शिरले की आधी खराट्याने रस्ते झाडावयाचे, अंगमेहनत केल्याखेरीज भाकरी घ्यावयाची नाही आणि रात्री कीर्तन करावयाचे, हा त्यांचा नेम होता. लोकांनी पाया पडलेले त्यांना खपत नसे. त्यांनी शिष्य केला नाही, गुरुपद घेतले नाही, अंगारा दिला नाही, गंडादोरा बांधला नाही.

त्यांचे कीर्तन आमच्या नारदीय गादीवरच्या कीर्तनाहून अगदी वेगळे. त्यांत पूर्वरंग-उत्तररंगाचा बांधेसूद थाट नसे. साध्या वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि श्रोत्यांकडूनच उत्तरे काढून घेत. कर्ज काढून सण करू नका, देवापुढे बकरे मारू नका, शिवाशीव पाळू नका, मुलांना शाळेत घाला, दारू पिऊ नका, हे त्यांचे विषय. दारूचा मनुष्य त्यांच्या कीर्तनात खाली मान घालून बसे तो धिक्काराच्या भीतीने नव्हे. आपल्याच तोंडून आपल्या घराची स्थिती वदविली गेल्याने त्याला आपले आपण उमगे. आज व्यसनमुक्तीचे समुपदेशक हीच रीत वापरतात. व्यसनी मनुष्याला उपदेशाने झोडपून काढण्यापेक्षा प्रश्न विचारून त्याच्याच मनातील बदलाची इच्छा बाहेर काढली, तर ती अधिक टिकते, असा त्यांचा अनुभव आहे.

आता खराट्याकडे वळू. झाडलेला रस्ता उद्या पुन्हा घाण होणार, हे बाबांना ठाऊक नव्हते काय? पुरते ठाऊक होते. तरी ते रस्त्यावर रागावले नाहीत, की झाडणे व्यर्थ म्हणून त्यांनी खराटा टाकला नाही. सकाळ झाली की पुन्हा झाडावयास लागावे, इतकाच त्यांचा विचार. व्यसनमुक्तीचे सारे शास्त्र आमच्या मते या खराट्यात आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यसनसंशोधन संस्थेने नमूद केल्याप्रमाणे उपचार घेतलेल्या शंभर व्यसनग्रस्तांपैकी चाळीस ते साठ जणांचे व्यसन पुन्हा डोके वर काढते. रक्तदाब आणि दमा यांसारख्या चिवट आजारांतही हे प्रमाण सुमारे असेच असते. दम्याचा झटका पुन्हा आला म्हणून कोणी उपचार फोल ठरवीत नाही, तर औषध, पथ्य, हवापाणी यांचा फेरविचार करते. व्यसनाच्या बाबतीतही घसरण झाली तर तिचा अर्थ इतकाच, की उपचारात कोठेतरी बदल हवा आहे.

आणि घसरण पेल्यापासून सुरू होत नाही. तिची पावले आधीपासून वाजू लागतात. मनुष्य चिडचिडा होतो, नेमाची भजने चुकवू लागतो, औषध टाळतो, जुन्या मित्रांची आठवण काढतो, एकदा घेतल्याने काय बिघडते असे स्वतःशीच घोळवू लागतो. घरच्यांनी ही पावले ओळखावीत आणि तेव्हाच हळुवारपणे विचारावे. केर थोडा असतानाच झाडणे सोपे असते.

उतरलेली माळ

येथे आम्हांस एक गोष्ट स्पष्टपणे मांडावयाची आहे. आमच्या संप्रदायात गळ्यात तुळशीची माळ पडली की दारू आणि मांसाहार सुटला, असे मानले जाते. या माळेने महाराष्ट्रातील किती संसार सावरले त्याची गणती नाही. परंतु माळ घातलेला एखादा मनुष्य घसरतो तेव्हा काय होते? तो गुपचूप माळ उतरवून खुंटीला लावतो आणि भजनाला येणे बंद करतो. दिंडीतील मंडळी त्याच्याविषयी कुजबुजतात. घरातली माणसे देवघरात त्याला पाऊल ठेवू देत नाहीत. म्हणजे ज्या क्षणी त्याला संगतीची सर्वांत अधिक गरज असते, नेमक्या त्याच क्षणी तो एकटा पडतो. लाजेचा घोट दारूच्या घोटाहून कडू असतो आणि तो विसरण्यासाठी मनुष्य पुन्हा दारूच जवळ करतो. वारी या शब्दाचा अर्थच पुन्हा पुन्हा येणे असा आहे. एका वर्षी वारी चुकली म्हणून पांडुरंग वारकऱ्याला टाकीत नाही. मग एका रात्री पाय घसरला म्हणून आपण आपल्या माणसाला का टाकावे?

याचा अर्थ व्यसनाला पाठीशी घालावे असा मुळीच नाही. त्याचे कर्ज फेडणे, कामावर खोटे निरोप देणे, मार खाऊन लपविणे, ही दया नव्हे. त्याने व्यसनच पोसले जाते. व्यसनाला थारा नाही आणि माणसाला मात्र आहे, ही मर्यादा घराला राखता आली पाहिजे.

वाटेवरच्या धर्मशाळा

बाबांनी लोकांकडून मिळालेल्या देणग्यांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा क्षेत्रांत धर्मशाळा उभारल्या, ऋणमोचन येथे पूर्णेकाठी घाट बांधला, गोरक्षणे, सदावर्ते आणि मुलांसाठी वसतिगृहे काढली. स्वतःच्या कुटुंबाला मात्र त्यातील काडीही घेऊ दिली नाही. धर्मशाळा म्हणजे मुक्काम नव्हे आणि घरही नव्हे. ती चालणाऱ्याची विश्रांतीची जागा. व्यसनातून निघालेल्या मनुष्यालाही अशा धर्मशाळा लागतात, कारण त्याची वाट लांब असते आणि एकट्याने कापवत नाही.

बाबा महाराष्ट्रात हिंडत होते त्याच काळात, १९३५ साली, सातासमुद्रापलीकडे अमेरिकेतील ॲक्रन गावी हेच सत्य दोन व्यसनग्रस्तांना उमगले. त्यांपैकी बिल विल्सन काही महिन्यांपूर्वीच दारूतून बाहेर पडलेले होते आणि डॉक्टर बॉब स्मिथ हे शल्यवैद्य अजून तीत बुडालेले होते. आपण दुसऱ्या मद्यपीशी बोलतो तेव्हा आपली स्वतःची तहान शमते, असा विल्सन यांचा अनुभव होता. डॉक्टर स्मिथ यांनी भेटीनंतर दारू सोडली, पण काही आठवड्यांतच एका वैद्यकीय परिषदेला गेले असता ते घसरले. विल्सन यांनी त्यांना टाकले नाही. १० जून १९३५ हा त्यांच्या पिण्याचा शेवटचा दिवस मानला जातो. त्यानंतर १९५० साली मृत्यू येईपर्यंत डॉक्टरांनी दारूला स्पर्श केला नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ त्या दिवसापासून मोजली जाते. तिच्या सभा आज आपल्याकडील अनेक गावांतही भरतात, तेथे शुल्क नसते आणि कुटुंबीयांचे मेळावेही वेगळे असतात. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर तो सत्संगच होय. पुण्यात १९८६ साली डॉ. सुनंदा अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तीही अशीच एक धर्मशाळा.

या धर्मशाळांची आवश्यकता किती आहे पाहा. केंद्र शासनाने करविलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करीत होते. त्यांतील सुमारे ५.७ कोटी लोकांना मदतीची गरज होती. दारूवर पूर्णतः अवलंबून असलेल्या अडतीस जणांपैकी जेमतेम एकाला कोणता तरी उपचार मिळाला होता.

संकल्पापूर्वी

आजच्या एकादशीला अनेक जण सोडण्याचा संकल्प करतील. त्यांच्या घरच्यांना आम्ही तीन गोष्टी सांगू इच्छितो. पहिली, जो मनुष्य दीर्घकाळ रोज भरपूर दारू पीत आला आहे त्याने वैद्यांना न विचारता एकदम ती तोडू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येणे, भ्रम होणे, प्रसंगी प्राणावर बेतणे घडते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हे दिवस सुखरूप पार पडतात. त्यानंतर ओढ कमी करणारी औषधेही आज उपलब्ध आहेत. दुसरी, दारू सोडविणारी म्हणून विकली जाणारी पूड त्याला न कळू देता जेवणात मिसळू नये. अशा पुडीत दारूशी विपरीत प्रतिक्रिया देणारे औषध असू शकते आणि त्यावर दारू प्यायल्यास जीव जाऊ शकतो. शिवाय फसवणूक उघड झाली की विश्वास तुटतो तो वेगळाच. तिसरी, अफू किंवा ब्राऊन शुगर सोडलेला मनुष्य काही आठवड्यांनी पुन्हा जुन्या मात्रेवर गेला, तर शरीराची सवय मोडलेली असल्याने तीच मात्रा मारक ठरते. अशा वेळी लपवालपवी न करता ताबडतोब रुग्णालय गाठावे. शासनाचा १४४४६ हा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक मार्गदर्शनासाठी आहे.

बाबांनी चमत्काराचा आधार कधीही घेतला नाही, हे येथे आठवावे. एकाच रात्रीत कायमची मुक्ती देऊ म्हणणाऱ्यांपासून सावध राहणे, ही त्यांच्या शिकवणीशी खरी निष्ठा होय.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्यात बाबांचे कीर्तन झाले. तेच त्यांचे अखेरचे कीर्तन ठरले. वय ऐंशी, देह थकलेला, तरी श्रोत्यांना प्रश्न विचारण्याची हौस तीच. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे नेले जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी देह ठेवला. दारूने पोरका केलेला एक मुलगा शेवटपर्यंत दुसऱ्यांची मुले पोरकी होऊ नयेत म्हणून झिजला.

आज फराळाला बसण्यापूर्वी आपल्या घरातील खुंटीकडे एकदा पाहावे. तेथे कोणाची माळ उतरवून ठेवलेली असेल, तर त्या मनुष्याला हाक मारावी, दोष न देता पानावर बसवावे आणि उद्या द्वादशीला पारणे झाले, की त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे जावे. परतताना भजनालाही न्यावे. सकाळी अंगण पुन्हा झाडावेच लागते, आणि त्यात कमीपणा कसला?